न वाहणारी वाहिनी

पनवेलहून उरणकडे गेलेला रस्ता समुद्राशी संपतो, त्या टोकाला मोरा बंदर आहे. समोर घारापुरीचं बेट, त्यापलीकडे मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच साधारण तासाभरात इथं लागते. उतरणाऱ्या गर्दीत डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई हमखास दिसते. पायाखालचं फळकूट हलत असतं, धक्क्याची पायरी ओली असते, लाँच मध्येच हेलकावा खाते. त्या क्षणी तिच्या पोटऱ्या, मांड्या, पाठ आणि मान यांतले असंख्य स्नायूतंतू एकदम आवळतात आणि चुंबळीवरची पाटी जागची ढळत नाही.

मेंदूचा संदेश चेतातंतूंतून स्नायूपर्यंत येतो आणि स्नायू आवळतो, एवढं आपण शाळेत शिकतो. पण या वाक्यात एक मोठी जागा रिकामी राहते. संदेश येतो तो विजेच्या रूपात, आणि ती वीज तंतूच्या पातळ आवरणावरून धावते. आवळण्याचं काम करणारी प्रथिनं मात्र तंतूच्या आत खोलवर असतात आणि त्यांना विजेची भाषा कळत नाही. त्यांना कळतं फक्त कॅल्शियम. मग आवरणावरची वीज आतल्या कॅल्शियमपर्यंत पोचते कशी? हे कोडं सुटायला शंभराहून अधिक वर्षं लागली. उत्तर मिळालं तेव्हा असं दिसलं, की बाईच्या स्नायूनं, तिच्या पाटीतल्या चिंबोरीनं आणि त्याच पाटीतल्या पापलेटच्या जातकुळीनं एकाच घराण्यातलं प्रथिन घेऊन तीन निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. या प्रथिनाचं नाव व्होल्टेजवर चालणारी कॅल्शियम वाहिनी. डॉक्टर मंडळी तिला कॅल्शियम चॅनल म्हणतात.

आधी कॅल्शियमबद्दल. रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम जेवढं असतं, त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा विश्रांती घेणाऱ्या स्नायूपेशीच्या आत असतो. हा फरक पेशी सतत ऊर्जा खर्च करून टिकवते. आत कॅल्शियम इतकं कमी असल्यामुळेच ते थोडंसं वाढलं तरी ठळक खूण होते. टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960च्या दशकात ही खूण वाचणारं प्रथिन शोधलं. ते म्हणजे ट्रोपोनिन. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटलं, की अॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यावरची अडवणूक सरकते, मायोसिन हे दुसरं प्रथिन त्या धाग्याला पकडतं आणि ओढतं. कॅल्शियम काढून घेतलं, की पकड सुटते. त्याआधी 1947मध्ये हाइलब्रुन आणि विर्सिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायूतंतूत निरनिराळे क्षार टोचून पाहिले होते. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम टोचल्यावर तंतू स्वस्थ राहिला, कॅल्शियम टोचताच आवळला.

कॅल्शियमची गोष्ट त्याहूनही जुनी आहे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर 1880च्या दशकाच्या सुरुवातीला बेडकाचं हृदय शरीराबाहेर, क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. एक द्राव उत्तम चालला. मग लक्षात आलं, की तो ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात कालवला गेला होता. शुद्ध पाण्यात तोच द्राव केला तर हृदय थोड्या वेळात थांबे. लंडनच्या नळाच्या जड पाण्यात कॅल्शियम होतं आणि हृदयाला तेच हवं होतं. आजही दवाखान्यात सलाईनच्या शेजारी ज्या 'रिंगर लॅक्टेट'च्या बाटल्या टांगतात, त्यांतलं नाव याच रिंगरचं. हृदय बाहेरच्या कॅल्शियमवाचून थांबतं. हातापायाचा स्नायू मात्र बाहेर कॅल्शियम नसतानाही बराच वेळ आवळत राहतो. हा फरक तेव्हाच नजरेस आला होता. त्याचा अर्थ लागायला मात्र पुढची पिढीच नव्हे, पिढ्या जाव्या लागल्या.

दुसरी अडचण वेगाची होती. एक स्नायूतंतू केसाएवढा जाड असतो. आवरणाजवळ सोडलेला एखादा पदार्थ पसरत पसरत मध्यापर्यंत जायला किती वेळ लागेल, याचं गणित ए. व्ही. हिल यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. वेळ फार लागत होता. तंतू त्याआधीच संपूर्ण आवळलेला असतो. म्हणजे वीज स्वतःच आत जात असली पाहिजे. 1950च्या दशकात अँड्र्यू हक्सली आणि रॉबर्ट टेलर यांनी अतिसूक्ष्म पिपेटच्या टोकानं तंतूच्या आवरणावर ठिकठिकाणी बारीकसा विजेचा स्पर्श केला. बहुतेक ठिकाणी काहीच घडलं नाही. काही ठरावीक ठिपक्यांवर मात्र स्पर्श होताच तेवढाच भाग आतपर्यंत आवळला. बेडकात हे ठिपके एका रेषेवर होते, सरड्यात आणि खेकड्यात दुसऱ्या. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं कारण दाखवलं. तंतूचं आवरण जागोजागी आत वळून अतिशय बारीक आडव्या नळ्या बनवतं. त्यांना टी-नलिका म्हणतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-चार पट, पण आत तेच बाहेरचं खारं पाणी. आवरणावरून धावणारी वीज या नळ्यांतून तंतूच्या गाभ्यापर्यंत जाते. प्रत्येक नळीला दोन्ही बाजूंनी कॅल्शियमच्या पिशव्या खेटून असतात. स्नायूचा स्वतःचा साठा तो हाच. पण खेटून म्हणजे जोडून नव्हे. नळी आणि पिशवी यांच्यात सुमारे 12 नॅनोमीटरची फट उरते. सगळं कोडं येऊन थांबलं ते या फटीपाशी.

इथं चिंबोरीकडे वळलं पाहिजे, कारण कॅल्शियम वाहिनीची पहिली चाहूल तिच्याच जातीत लागली. 1953मध्ये लंडनमध्ये पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ खेकड्याच्या पायाच्या स्नायूत विजेचे संकेत मोजत होते. चेतातंतूतला संकेत सोडियम आत शिरल्यामुळे उठतो, हे नुकतंच सिद्ध झालं होतं. म्हणून त्यांनी भोवतालच्या द्रावातलं सोडियम काढून टाकलं. संकेत विझायला हवा होता. तो विझला नाही, उलट जोमदार झाला. 1958मध्ये फॅट आणि गिन्सबोर्ग यांनी गोड्या पाण्यातल्या क्रेफिशवर काम करून दाखवलं, की इथं सोडियमऐवजी कॅल्शियम आत शिरतं. पुढं सुसुमु हागिवारा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका राक्षसी बार्नॅकलचे स्नायू घेतले. बार्नॅकल म्हणजे धक्क्याच्या खांबांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटणारे कठीण कवचाचे जीव. मोऱ्याच्या खांबांवर दिसतात ते इवलेसे. हागिवारांच्या बार्नॅकलचा एकेक स्नायूतंतू मात्र मिलिमीटरहून जाड होता आणि त्यात नळी घालून आतला द्रवही बदलता येत असे. कॅल्शियम वाहिनीचे मूळ नियम या तंतूंत मोजले गेले. 1967मध्ये रिजवे आणि अॅशली यांनी अशाच तंतूत जेलीफिशपासून काढलेलं इक्वोरिन हे प्रथिन भरलं. कॅल्शियम भेटलं की ते निळसर प्रकाश देतं. विजेचा झटका दिला, तंतू क्षणभर उजळला आणि मग आवळला. जिवंत स्नायूत कॅल्शियम वाढताना माणसानं प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. या प्रयोगाचं वर्णन मी जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा अंगावर रोमांच उभे राहतात.

चिंबोरीची वाट अशी सरळ आहे. आवरणातलं व्होल्टेज बदललं, कॅल्शियम वाहिनी उघडली, बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम आत आलं आणि आत आलेल्या कॅल्शियमनं साठ्यातलं आणखी कॅल्शियम मोकळं केलं. आपलं हृदयही मूलतः याच वाटेनं चालतं. रिंगरच्या बेडकाचं हृदय बाहेरच्या कॅल्शियमवाचून थांबलं ते यामुळे. साहजिकच पुष्कळांना वाटलं, की हातापायाच्या स्नायूतही असंच असणार.

तसं नव्हतं. 1972मध्ये आर्मस्ट्राँग, बेझानिया आणि होरोविच यांनी बेडकाचे एकटे तंतू अशा द्रावात ठेवले, ज्यात कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन घालून मोकळं कॅल्शियम जवळजवळ नाहीसं केलं होतं. टी-नलिकांतलं कॅल्शियमही त्यामुळे गेलं. तरी विजेच्या प्रत्येक झटक्याला तंतू आवळतच राहिला. बाहेरून आत यायला कॅल्शियमच नव्हतं, आणि तरीही साठा मोकळा होत होता.

गुंता वाढला तो पुढं. रक्तदाबाची नवी औषधं, म्हणजे निफेडिपिन आणि त्याची भावंडं, कॅल्शियम वाहिनीला चिकटतात हे कळल्यावर ही वाहिनी शरीरात कुठं किती आहे ते मोजता येऊ लागलं. सर्वांत जास्त सापडली ती हाडांवरच्या स्नायूंच्या टी-नलिकांत. ज्या स्नायूला बाहेरचं कॅल्शियम लागतच नाही, त्याच्याकडेच कॅल्शियम वाहिन्यांची रेलचेल! वर त्यांतून वाहणारा प्रवाह मोजला, तर तो वाहिन्यांच्या संख्येच्या मानानं फारच किरकोळ निघाला. शिवाय तो फार सावकाश सुरू होतो. स्नायूतला विजेचा संकेत काही मिलिसेकंदांत येऊन जातो आणि या वाहिन्या नीट उघडायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतात. संकेत संपल्यावर उघडणाऱ्या छिद्राचा आवळण्याला काय उपयोग?

उत्तर वाहिनीच्या घडणीत आहे. हे प्रथिन सुमारे 1,900 अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते. ती आवरणातून चोवीस वेळा आरपार जाते आणि तिचे एकसारखे चार भाग गोलाकार बसून मध्ये छिद्र ठेवतात. प्रत्येक भागात सहा आरपार दांडे असतात. त्यांतला चौथा दांडा वेगळा आहे. त्यावर ठरावीक अंतरानं आर्जिनिन आणि लायसिन ही धनभारित आम्लं बसलेली असतात. चरबीच्या आवरणात भारित गोष्ट ठेवणं निसर्ग सहसा टाळतो, पण इथं ती मुद्दाम ठेवलेली आहे. विश्रांतीच्या वेळी स्नायूतंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 90 मिलिव्होल्टनं ऋण असते. आकडा लहान वाटतो, पण आवरणाची जाडी अवघी पाचेक नॅनोमीटर. त्या हिशेबानं दर सेंटीमीटरला दीड लाख व्होल्टहून तीव्र क्षेत्र होतं. कोरड्या हवेत ठिणगी पडायला सेंटीमीटरला साधारण 30 हजार व्होल्ट पुरतात. एवढ्या जबर ओढीनं धनभारित दांडा आतल्या बाजूला खेचून धरलेला असतो. संकेत आला, आतली बाजू क्षणभर धन झाली, की ओढ सुटते आणि दांडा बाहेरच्या बाजूला सरकतो. व्होल्टेज ओळखण्याचं काम इथं होतं. छिद्र उघडणं ही त्याच्या नंतरची पायरी.

भार सरकला म्हणजे अगदी क्षीण का होईना, प्रवाह मोजता यायला हवा. 1973मध्ये येल विद्यापीठात मार्टिन श्नायडर आणि नॉक्स चँडलर यांनी बेडकाच्या स्नायूत तो मोजला. बाकी सगळे प्रवाह रसायनांनी बंद केल्यावर एक छोटासा प्रवाह उरला. तो आवरणाच्या आरपार कुठंच जात नव्हता. आवरणाच्या आतच काही भार एका कडेकडून दुसरीकडे गेला आणि व्होल्टेज पूर्ववत होताच परत आला. त्यांनी धाडसानं सुचवलं, की आवळण्याचा संदेश देणारी पायरी हीच असावी. पुढं चँडलर आणि सहकाऱ्यांनी चित्रही काढलं: टी-नलिकेतला भारित भाग सरकतो आणि फटीपलीकडच्या साठ्याचं बूच ओढतो.

हे चित्र समजायला मोऱ्याची लाँचच घ्यावी. जुन्या लाकडी लाँचवर सुकाणू धरणारा वर असतो आणि इंजिन सांभाळणारा खाली. वरचा दोरी ओढतो, खाली घंटी वाजते आणि खालचा इंजिनाचा वेग बदलतो. वरून खाली माणूस जात नाही, डिझेल जात नाही. दोरी हलली की पुरे. इंधन सगळं खालीच आहे.

ही दोरी खरोखर आहे का? क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात 1970च्या सुमारास फटीत रांगेनं बसलेले ठेंगणे आकार पाहिले होते आणि त्यांना 'पाय' असं नाव दिलं होतं. ते पाय म्हणजे साठ्याच्या पिशवीवरची दुसरी एक वाहिनी, रायनोडिन ग्राहक. अमेरिका खंडातल्या रायनिया नावाच्या झुडपातलं कीटकनाशक द्रव्य तिला चिकटतं म्हणून हे नाव. प्रत्येकी सुमारे 5,000 अमिनो आम्लांचे चार तुकडे एकत्र येऊन ती बनते, आणि शरीरातल्या सर्वांत मोठ्या वाहिन्यांत तिची गणना होते. 1988मध्ये ब्लॉक, फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी टोडफिश नावाच्या माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरचा स्नायू तपासला. हा मासा तो स्नायू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आवळून आवाज काढतो. आपल्याकडचे घोळ आणि ढोमाही अशाच आवाज काढणाऱ्या कुळातले. घोळीचा भोत, ज्याला बाजारात मोठा भाव मिळतो, तो म्हणजे हीच हवेची पिशवी. इतक्या चपळ स्नायूत नळ्या आणि साठे खच्चून भरलेले असतात, म्हणून पाहणाऱ्याला ते सोयीचं. तिथं दिसलं, की टी-नलिकेत चार-चार कणांचे चौकडे बसलेले आहेत आणि प्रत्येक चौकडा एका पायाच्या बरोबर समोर आहे. एक पाय सोडून दुसऱ्यासमोर. चौकड्यातला एकेक कण म्हणजे एकेक कॅल्शियम वाहिनी. इतकी काटेकोर मांडणी योगायोगानं होत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1987मध्ये, एदुआर्दो रिओस आणि गुस्तावो ब्रुम यांनी दाखवलं होतं, की निफेडिपिन दिल्यावर श्नायडर-चँडलरचा सरकणारा भार आणि साठ्यातून सुटणारं कॅल्शियम ही दोन्ही बरोबरीनं घटतात. म्हणजे भार सरकवणारं प्रथिन आणि औषधाला चिकटणारी कॅल्शियम वाहिनी एकच. त्याच वर्षी क्योतो विद्यापीठात शोसाकु नुमा यांच्या गटानं सशाच्या स्नायूतल्या या वाहिनीचा जनुकीय आराखडा वाचला.

निर्णायक पुरावा आला तो न जगणाऱ्या उंदरांकडून. 1960च्या दशकात उंदरांचं एक वाण सापडलं होतं. त्यातली दोष असलेली पिल्लं जन्मताच मरत, कारण श्वासाचे स्नायू आवळतच नसत. स्नायू होते, चेतातंतू होते, साठ्यात कॅल्शियम होतं, आवरणात वीजही उठत होती. फक्त दोन्हींना जोडणारं काही तरी नव्हतं. 1988मध्ये तानाबे, बीम, पॉवेल आणि नुमा यांनी अशा पिल्लांच्या काचपात्रात वाढवलेल्या स्नायूपेशींच्या केंद्रकात सशाच्या वाहिनीचं जनुक टोचलं. थोड्या दिवसांनी विजेचा स्पर्श करताच त्या पेशी आवळल्या. एका प्रथिनाची उणीव भरून निघाली आणि जन्मात कधी न हललेली पेशी हलली. विज्ञानाच्या इतिहासात असे प्रयोग थोडे असतात, ज्यांत होकार-नकार इतका उघड दिसतो.

पण त्याहून सुंदर भाग पुढचा. 1990मध्ये त्यांनी त्याच पेशींत हृदयातल्या वाहिनीचं जनुक टोचलं. पेशी तेव्हाही आवळल्या, पण हृदयाच्या रीतीनं: बाहेरचं कॅल्शियम काढलं की थांबल्या. मग हृदयाच्या वाहिनीत फक्त एक तुकडा, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांना जोडणारा आतल्या बाजूचा फास, स्नायूच्या वाहिनीचा बसवला. आता बाहेर कॅल्शियम नसलं तरी पेशी आवळू लागल्या. लाँचची दोरी कुठं बांधलेली आहे, ते सापडलं. ही दोरी एका प्रथिनाची नाही, हेही पुढं कळलं. आवश्यक सामान नेमकं किती, ते 2017मध्ये कुर्ट बीम यांच्या प्रयोगशाळेनं पडताळलं. मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींचा आवळण्याशी काही संबंध नसतो. अशा पेशींत त्यांनी पाच प्रथिनं घातली: वाहिनीचा मुख्य भाग, तिचा बीटा नावाचा जोडीदार, रायनोडिन ग्राहक, स्टॅक-3 आणि आवरणांना जवळ बांधून ठेवणारं जंक्टोफिलिन. व्होल्टेज बदललं आणि त्या पेशींच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटलं. यांतलं स्टॅक-3चं महत्त्व उमगायला झेब्राफिशच्या एका दुबळ्या वाणाची मोठी मदत झाली.

हा झेब्राफिश आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातशेतांत राहणारा, निळ्या पट्ट्यांचा इवला मासा. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो असतो. मोऱ्यासमोरच्या पाण्यापलीकडे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. 2010मध्ये श्रेडेलसेकर, श्रीवास्तव, दयाल आणि ग्राबनर यांनी त्याच्या स्नायूतली कॅल्शियम वाहिनी तपासली. भार सरकत होता, साठा मोकळा होत होता, मासा झपाट्यानं पोहत होता. आणि वाहिनीतून कॅल्शियम अजिबात वाहत नव्हतं. छिद्राच्या ज्या जागी कॅल्शियमला ओळखून आत घेतलं जातं, तिथली अमिनो आम्लं उत्क्रांतीत बदलून गेली होती. माशाच्या तांबड्या आणि पांढऱ्या स्नायूंत या वाहिनीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या असतात, दोन्ही बंद. स्टर्जनसारख्या जुन्या वळणाच्या माशात मात्र प्रवाह अजून वाहतो. ज्या विशाल गटात झेब्राफिश येतो, त्याच हाडांच्या माशांच्या गटात आपले पापलेट, घोळ आणि बोंबीलही येतात.

पाटीत शेजारी पडलेली चिंबोरी आणि मासा या अर्थानं दोन टोकं आहेत. चिंबोरीत कॅल्शियम आत आल्यावाचून काही घडत नाही. झेब्राफिशच्या कुळात छिद्र कायमचं बुजलं, नुसता जाणणारा दांडा उरला, आणि स्नायूचं काही अडलं नाही. पाटी उचलणारी बाई या दोहोंच्या मध्ये उभी आहे. तिच्या वाहिनीत छिद्र शाबूत आहे, सावकाश उघडतंही, पण आवळण्याचं काम दांडाच करतो. मग आपण ते छिद्र ठेवलं कशाला? 2017मध्ये दयाल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूतली वाहिनी जनुक बदलून माशासारखी बंद केली. उंदीर नीट वाढले, पळाले, त्यांच्या स्नायूंची ताकद आणि दम कुठंही कमी पडला नाही. आईच्या पोटातल्या बाळाच्या स्नायूंत या वाहिनीची थोडी वेगळी आवृत्ती असते. तिच्यातून कॅल्शियम कितीतरी जास्त वाहतं, आणि जन्माच्या सुमारास ती मागे पडून प्रौढ आवृत्ती येते. छिद्राचं काही काम असेल तर ते घडणीच्या काळातलं असावं, असं मला या सगळ्यावरून वाटतं.

आपल्या घराघरांत या गोष्टीचा एक पुरावा रोज गिळला जातो. अम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी कॅल्शियम वाहिनीला अडवणारी आहे. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल करते, कारण त्यांना बाहेरून येणारं कॅल्शियम लागतं. मग ही गोळी घेणाऱ्या आजीच्या हातातला हंडा निसटत का नाही? एक तर औषधाच्या नेहमीच्या मात्रेला रक्तवाहिन्यांतली वाहिनी जास्त दाद देते. आणि दुसरं, मोठं कारण असं, की हातापायाच्या स्नायूत कॅल्शियमचा प्रवाह अडला तरी बिघडत नाही. तिथं प्रवाहावर काही अवलंबूनच नाही.

आवळलेला स्नायू सैल कसा होतो, ते थोडक्यात. व्होल्टेज पूर्ववत झालं, की दांडा परत आत खेचला जातो, साठ्याची वाहिनी मिटते आणि पिशवीच्या भिंतीतले पंप सांडलेलं कॅल्शियम परत भरतात. दर दोन कॅल्शियम आयनांमागे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. ही ऊर्जा संपली की काय होतं, ते मासळी विकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मेलेला मासा काही वेळानं ताठतो. कॅल्शियम भरून घेता येत नाही आणि मायोसिनची पकड सोडवायलाही एटीपीच लागतं, म्हणून धागे एकमेकांत अडकून राहतात. पुढं प्रथिनं झिजू लागली की मासा पुन्हा मऊ पडतो. बर्फ हा सारा क्रम लांबवतो.

या वाहिनीत बिघाड झाला तर काय होतं, ते पाहिलं म्हणजे दांड्याचं महत्त्व आणखी पटतं. काही घराण्यांत असा आजार चालत येतो, की माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि पहाटे हातपाय हलवता येत नाहीत. आदल्या दिवशी खूप मेहनत किंवा रात्री भाताचं, गोडाचं भरपेट जेवण झालेलं असतं. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असतं, आणि ते सावकाश भरून निघालं की माणूस उठून चालू लागतो. 1994मध्ये कळलं, की अशा पुष्कळ घराण्यांत कॅल्शियम वाहिनीचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ते छिद्रातलं नसतं. चौथ्या दांड्यावरचं आर्जिनिन गेलेलं असतं. एक धनभार हरवल्यामुळे दांड्याच्या कडेनं आयनांची बारीक गळती सुरू होते. एरवी स्नायू ती पचवतो. पण पोटॅशियम घसरलं की गळतीपुढं तंतूला आपलं व्होल्टेज राखता येत नाही, तो अर्धवट अवस्थेत अडकतो आणि नवा संकेत उठवू शकत नाही. अचानक आलेला प्रत्येक लुळेपणा या जातीचा नसतो. थायरॉइडच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारातही पोटॅशियम असंच घसरतं, आणि अशा वेळी घरी नारळपाणी पाजत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं.

दुसरा बिघाड फटीपलीकडचा. मेलबर्नमध्ये पाय मोडलेला एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी रुग्णालयात आला. पायापेक्षा त्याला भुलीचं भय जास्त वाटत होतं, कारण त्याच्या दहा नातेवाइकांचा भूल दिल्यानंतर मृत्यू झाला होता. डॉक्टरांनी वेगळं भूलद्रव्य वापरलं, तरी त्याचं अंग तापू लागलं. भूल तिथंच थांबवल्यामुळे तो वाचला. डेनबरो आणि लोव्हेल यांनी 1960मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली. आज आपल्याला ठाऊक आहे, की अशा घराण्यांत बहुधा रायनोडिन ग्राहक आणि क्वचित कॅल्शियम वाहिनी सदोष असते. भुलीचे काही वायू आणि सक्सिनिलकोलिन हे औषध मिळताच साठा उघडतो तो मिटतच नाही. सगळ्या शरीरातले स्नायू एकदम आवळतात, पंप जिवाच्या आकांतानं एटीपी जाळतात आणि त्या जळण्यानं ताप 41-42 अंशांपर्यंत चढू शकतो. डँट्रोलीन हे औषध साठ्याची वाहिनी मिटवतं आणि वेळेत मिळालं तर जीव वाचवतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ विचारतात, "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?" त्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या जुन्या माणसांना विचारून, आठवून द्यावं, मामा, काका, चुलत आजोबा यांच्यापर्यंत जाऊन.